सावल्या कुणाच्या?

"राऊत, सावली आहे आणि वस्तू नाही. हे कसं काय?"

सरांनी फोटो टेबलावरून माझ्याकडे सरकवला. त्यांची पीएचडीची विद्यार्थिनी वृंदा शेजारी उभी होती. पंधरा दिवसांनी तिची थीसिस सबमिट व्हायची होती आणि तिची सगळी भिस्त या बारा फोटोंवर होती. मी फोटो उलटा धरून पाहिला, खिडकीशी नेऊन पाहिला. सर म्हणत होते ते खरं होतं. मला काही म्हणजे काही कळेना.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. मी अंधेरीच्या एका संशोधन संस्थेत इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपवर टेक्निशियन होतो. आमच्या कामाला फ्रीझ-फ्रॅक्चर म्हणतात. नमुना झटक्यात गोठवायचा आणि हवा काढून घेतलेल्या घुमटात गार पात्याने फोडायचा. कापायचा नाही, फोडायचा. चिक्की मोडावी तसा तो मोडतो आणि पेशीचं आवरण मधोमध दुभंगतं. त्यावर एका बाजूने तिरकी प्लॅटिनमची वाफ सोडायची, वरून कार्बनचा थर द्यायचा. मग खालचा नमुना ब्लीचमध्ये विरघळवून टाकायचा. उरतो तो नुसता ठसा, म्हणजे रेप्लिका. आवरणातले प्रोटीनचे कण त्यात उंचवट्यांसारखे दिसतात. कणावर प्लॅटिनम साचतं, तो फोटोत काळा येतो. त्याच्या मागे प्लॅटिनम पोचत नाही, तिथे सावली येते. आमच्याकडे सावली पांढरी असते.

वृंदाचा विषय वर्सोव्याच्या खाडीतली निवटी, म्हणजे चिखलात उड्या मारणारा मासा. पाण्याबाहेर ठेवल्यावर निवटीच्या कल्ल्यांतले कण किती बदलतात ते मोजायचं होतं. आणि फोटोत पांढऱ्या सावल्या जागच्या जागी, कण तेवढे गायब.

सरांचं म्हणणं, नमुनेच खराब झाले, पुन्हा पहिल्यापासून करा. पहिल्यापासून म्हणजे अख्खं वर्ष. बाहेर पॅसेजमध्ये वृंदाने मला थांबवलं.

"काका, स्क्रीनवर कण होते ना? आपण दोघांनी बघितले होते ना?"

होते, मी म्हणालो. पण खरं सांगतो, तोवर मलाच माझ्या डोळ्यांची खात्री उरली नव्हती.

जुन्या रेप्लिका तपासाव्यात तर त्या केव्हाच फाटल्या होत्या. मी प्लॅटिनमचा कोन मोजला, बरोबर होता. व्हॅक्यूम चोख होता. एक साधा नमुना नव्याने फोडून पाहिला, त्यात कण ढिगाने होते. मशीन ठीक आहे म्हटल्यावर मी सुटकेचा निःश्वास टाकायला हवा होता, पण डोकं आणखीच चक्रावलं. निगेटिव्ह दिव्यावर धरल्या, त्यांतही कण नाहीत. वैतागून एक निगेटिव्ह पाकिटात सरकवताना ती तिरपी झाली आणि तिच्यावर काहीतरी चमकलं. भिंग लावलं. पेन्सिलीचे बारीक ठिपके होते, शेकड्यांनी.

निगेटिव्हवरून फोटो छापायचा आमचा एन्लार्जर महिनाभर बंद होता, म्हणून प्रिंट्स पार्ल्याच्या एका स्टुडिओत करून घेतल्या होत्या. मी वृंदाला घेऊन तडक तिथे गेलो. परबकाका तिथले रिटचिंगवाले. लग्नाच्या फोटोंतले मुरमांचे, देवीचे वण निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून नाहीसे करण्यात त्यांचा हातखंडा. मी निगेटिव्ह पुढे ठेवली.

"मीच केलंय," ते सहज म्हणाले. "आठ दिवस डोळे फोडले. काय ते डाग!"

"पण तुम्हाला सांगितलं कुणी?"

"तुमीच. लग्नाचे समजून करा म्हणालात. लग्नाच्या फोटोत डाग ठेवतत काय?"

म्हणालो होतो. काउंटरवर, घाईत, गंमत म्हणून; नीट करा, एवढंच सुचवायचं होतं. वृंदा माझ्याकडे बघत राहिली आणि मला कुठे बघावं कळेना.

मग सावल्या का सोडल्यात, मी विचारलं. ते म्हणाले, पांढरं काढायला निगेटिव्ह पात्याने खरवडावी लागते, ती कायमची जाते. दुसऱ्याची वस्तू, विचारल्याशिवाय पातं लावायचं नाही. पेन्सिल काय, पुसता येते.

त्यांनी कापसाचा बोळा टर्पेंटाइनमध्ये बुडवला आणि हलक्या हाताने फिरवला. निगेटिव्ह दिव्यावर धरली. कण एकेक करून परत आले, प्रत्येकाच्या मागे त्याची सावली. वृंदा भिंग घेऊन ते मोजायलाच लागली. परबकाकांना मात्र स्वतःचं काम पुसताना वाईट वाटत होतं, ते तोंडावर दिसत होतं.

"हे डाग असेच ठेवायचे?" त्यांनी तिला विचारलं.

"काका, त्या डागांसाठीच वर्ष घातलंय."

बाराही निगेटिव्ह त्यांनी पुसून पुन्हा छापून दिल्या. थीसिस वेळेत गेली. सरांना मी सगळं सांगितलं, माझ्या वाक्यासकट. त्यांनी लॉगबुकात लिहायला लावलं. मी लिहिलं, 'कण आढळले नाहीत, कारण: टेक्निशियनचा विनोद.' त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी कुठल्याही काउंटरवर कामाखेरीज बोललो नाही.