जादा कमानपाटा

भूकंपानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात अर्धापूरजवळ माझ्या जीपचा ब्रेक फेल झाला. जीप केळीच्या बागेत घुसली, शेजारी बसलेल्या भावाचा हात मोडला.

लातूरच्या माळावर जीप पळवणारे आम्ही एकमेकांना युक्त्या सांगायचो. नियम एकच होता: स्वतःच्या गाडीवर करून पाहिल्याशिवाय दुसऱ्याला सांगायचं नाही. गाडी उंच करायला चाकावरच्या स्प्रिंगेत जादा कमानपाटा, म्हणजे पोलादी पट्टी, टाका, हे आमच्यातल्याच शिकवणीच्या क्लासवाल्या सरांनी सांगितलं, आणि मी टाकला. त्यानं ब्रेकचा रबरी पाइप ताणून फुटतो, हे सांगितलं नाही.

त्यांच्या क्लासच्या दारातच मी ओरडलो, "सर, तुमचा पाइप कसा न्हाई फुटला?"

"तुम्हीच लई जोरात पळवली असंल."

पोरं खिडकीतून बघत होती. मी दारात उभ्या सरांच्या जीपखाली वाकलो. जादा पाटा टाकलेलाच नव्हता.