ओठावर धरलेला शिंपला

इमारत सात मजली होती. आता चार मजली आहे. खालचे तीन मजले समुद्राकडे गेले, आणि त्याला इतकी वर्षं झाली की कुणी ‘बुडाले’ म्हणत नाही. ‘गेले’ म्हणतात, माणसाबद्दल म्हणावं तसं.

ऋतूंची जुनी नावंही त्यांच्याबरोबरच गेली. उरले ते चार: धुकं, वारा, तांबडं आणि मोकळं. धुक्याच्या दिवसांत समोरची इमारत दिसत नाही, नुसता तिथल्या माणसांचा खोकला ऐकू येतो. भिंतींना घाम सुटतो, गाद्यांना बुरशी धरते. मग वारा सुटतो. तो समुद्राचं मीठ खिडक्यांवर फेकून मारतो, आणि गच्चीतल्या बटाट्यांवर ताडपत्री बांधताना दोन माणसांना एकमेकांच्या कानात ओरडावं लागतं. पाऊस येतो तो याच दिवसांत. लिफ्टचा खड्डा खालून सिमेंटनं बंद केलाय, त्यात तो वर्षभरासाठी साठवतात. मग एखाद्या दुपारी वारा पडतो, पाणी तापतं आणि गंजासारखं होतं. ते तांबडं. मासे पोट वर करून जिन्यात येतात. पक्षी निघून जातात. शिंपल्यांना मात्र काहीच होत नाही. ते बुडालेल्या जिन्याच्या कठड्याला तसेच चिकटून असतात, गुबगुबीत, काळेभोर. आणि जो खाईल त्याचे आधी ओठ मरतात, मग बोटं, मग श्वास.

तांबडं कधी संपलं हे डोळ्यांना कळत नाही. पाणी निवळल्यावरही कितीतरी दिवस विष शिंपल्यांत राहतं. म्हणून इमारतीला एक चाखणारं माणूस लागतं. आता ते एक बाई करते; चौदा वर्षांपूर्वीपर्यंत ते काम तिच्या नवऱ्याचं होतं. तो गेल्यावर सुरी तिच्याकडे आली, आणि तिचं नाव चाखी पडलं.

काम तीन दिवसांचं. पहिल्या दिवशी ओहोटीला खाली उतरायचं, कठड्याचा एक शिंपला सुरीनं सोडवायचा, उघडायचा आणि आतलं मांस खालच्या ओठावर धरून शंभर मोजायचे. ओठाला मुंग्या आल्या तर थुंकायचं आणि वर यायचं. नाही आल्या तर दुसऱ्या दिवशी अर्धा खायचा, तिसऱ्या दिवशी अख्खा. तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ओठ जागा असला, की चौथ्या मजल्यावरच्या लोखंडी पाइपवर पान्याचे तीन ठोके. तीन म्हणजे उघडलं. दोन म्हणजे बंद. दुसऱ्या कुणी चाखायचं नाही. उपाशी माणसाच्या ओठावर विश्वास ठेवू नये, असं म्हणतात. त्याला जे हवं तेच लागतं.

या कामाबद्दल चाखीला खिडकीची खोली होती. पूर्वी ती कुणा साहेबाची असावी. काच शाबूत होती, आणि दारावरच्या पाटीचे चार स्क्रू अजून होते. पाटी नव्हती.

दोन वर्षांपूर्वी एका सकाळी जाऊ तिला म्हणाली, “ताई, ओठाला काय झालं? फोड आलाय केवढा.” चाखीनं काचेत पाहिलं. खालच्या ओठावर टपोरा फोड होता. आदल्या दिवशी ती उकळता काढा प्यायली होती. तिला ना चटका कळला होता, ना चव. तिनं सुरीचं टोक ओठाला लावलं. मग थोडं दाबलं. रक्त आलं ते तिला काचेत दिसलं.

चौदा वर्षांच्या विषानं झालं असेल, किंवा वयानं. तिनं कुणाला सांगितलं नाही. सांगायचं नाही असं ठरवलंही नव्हतं. आज सांगू, उद्या सांगू म्हणता म्हणता धुकं आलं आणि बोलण्यासारखं काही उरलं नाही. तांबडं आलं तेव्हा ती पक्ष्यांवर विसंबली. पक्षी परतले की पाणी मोकळं, इतका साधा हिशेब. ओठावर शिंपला धरून शंभर मोजायची ती, पण डोळे आभाळात असायचे.

गेल्या वर्षी पक्षी आले त्याच दुपारी तिनं तीन ठोके दिले. पक्षी शिंपले फोडून तसेच टाकून देतायत, हे तिला संध्याकाळी दिसलं. तिनं धावत जाऊन दोन ठोके दिले. पाणी फिरलं म्हणून सांगितलं. तोवर बहुतेकांच्या बादल्या अजून चुलीवरच होत्या. वॉचमन मात्र वाडगाभर खाऊन बसला होता. तो पहाटे गेला. वय झालं होतं, सगळे म्हणाले. त्याच्या बायकोशेजारी बसून चाखीही म्हणाली, “वय झालं होतं.”

यंदा पक्षी आलेच नाहीत.

तांबडं लांबलं. बटाटे संपले, वाळवलेलं शेवाळ संपत आलं. पाणी पंधरा दिवसांपूर्वी निवळलं होतं. ते करडं, सपाट पडून होतं. लिफ्टच्या खड्ड्यातून पाणी वाटणारा लिफ्टवाला रोज तिला जिन्यात गाठायचा.

“काय चाखी, काय म्हणतो ओठ?”

“बघू.”

“बघू काय? पोटात कावळे ओरडायचे दिवस गेले बाई. कावळेही उपाशी मेले. आता नुसतं पोटच ओरडतंय.”

ती खाली उतरली. शिंपला ओठावर धरला, शंभर मोजले. ओठ दगडासारखा होता, जसा रोज असायचा. ती वर आली आणि म्हणाली, “उद्या अर्धा.”

दुसऱ्या दिवशी अर्धा खाऊन ती खिडकीशी बसली. थोड्या वेळानं थंडी वाजली म्हणून स्वेटरची बटणं लावायला घेतली. बटण भोकात जाईना. बोटांतून निसटत राहिलं. नवऱ्याचीही बोटं आधी अशीच झाली होती, हे तिला आठवलं. मग वाटलं, गारठ्यानं होतं असं. उपाशी माणसाची बोटं अशीच होतात. तिनं स्वेटर उघडाच ठेवला. पोट आणि शंका यांत पोट जवळचं असतं.

तिसऱ्या दिवशी तिनं अख्खा खाल्ला.

दुपारी चौथ्या मजल्यावर सगळे जमले. बादल्या, पातेली, एकानं तर कचऱ्याचा डबा घासून आणला होता. वॉचमनची म्हातारी भिंतीला टेकून उभी होती, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. त्यातल्या निम्म्या किल्ल्यांची दारं आता पाण्याखाली होती. जाऊ तेवढी दिसत नव्हती. चाखीनं पाना दोन्ही हातांनी घट्ट धरला, एका हातानं तो पेलेना. तिनं तो वर उचलला.

“ताई, थांबा!”

जाऊ खालून जिना चढत आली. गुडघ्यापर्यंत ओली, कडेवर वर्षाची पोर, एक हात तोंडावर.

“कुठं होतीस?”

“खाली. ताई, मी चाखलं.”

“घ्या!” लिफ्टवाला म्हणाला. “नवरीच्या आधी वऱ्हाड जेवलं.”

कुणीतरी हसलं. जाऊ हसली नाही.

“सकाळीच चाखलं. दूध नाही मला. पोर नुसती चावते. म्हटलं, आज उघडणारच आहे, दोन घटका आधी काय न् नंतर काय. एकच खाल्ला.” तिनं हात खाली घेतला. खालच्या ओठावर नखांच्या खुणा होत्या, एक तर ओली होती. “ओठ मेलाय माझा. किती चिमटे काढले. मग पोरीला घेतलंच नाही अंगावर.”

तिनं चाखीच्या ओठाकडे पाहिलं.

“पण तुम्ही तर अख्खा खाल्लात,” जाऊ म्हणाली. “तुम्हाला कसं कळलं नाही?”

“अगं, एखादा निघतो तसला,” लिफ्टवाला घाईनं म्हणाला. त्याची बादली सगळ्यांत मोठी होती. “सगळे थोडेच वाईट असतात? काय चाखी? निघतो ना एखादा?”

सगळे तिच्याकडे पाहत होते. निघतो, एवढं म्हटलं की झालं असतं. जाऊचा ओठ उपाशी, त्याचं काय ऐकायचं, असंही म्हणता आलं असतं. नियम तिच्याच बाजूचा होता. पाना जड झाला होता. तिनं तो खाली घेतला.

“माझे ओठ गेलेत,” ती म्हणाली. “दोन वर्षं झाली.”

तिला वाटलं होतं, हे बोलल्यावर काहीतरी होईल. आत काहीतरी सुटेल किंवा तुटेल. पण तसं काही झालं नाही. उद्या अर्धा, असं म्हणावं तितकंच ते होतं.

वॉचमनची म्हातारी भिंतीपासून सुटली. “दोन वर्षं,” ती म्हणाली. “म्हणजे आमचे...”

“हो.”

“वयानं नाही.”

“नाही.”

म्हातारीनं बादली खाली ठेवली. “त्या संध्याकाळी त्यांना कुलूप लावता येईना. चाळीस वर्षं कुलपं लावली त्या माणसानं. किल्ली भोकात जाईना, तर माझ्याकडे बघून हसले. मी म्हटलं, आता काय, म्हातारे झालात.” ती चाखीच्या अगदी समोर आली. “आणि माझ्या शेजारी बसून तूही तेच म्हणालीस.”

चाखी तशीच उभी राहिली. म्हातारी तोंडात मारील असं तिला वाटलं, आणि मारलंच तर ते कळेल का, हाही विचार आला. म्हातारीनं मारलं नाही. तिच्या हातातून पाना घेतला आणि पाइपवर दोन ठोके दिले.

चाखणारं माणूस खोटं बोललं तर काय करायचं, असा नियम कुणी केलेलाच नव्हता. चाखीनं सुरी जाऊकडे दिली आणि गादी उचलून मधल्या खोलीत नेली, जिथं कपाटांच्या आडोशाला सहा जण झोपत. जाऊ म्हणाली, “ताई, खोली असू दे हो.” ती म्हणाली, “उजेडात डोळे दुखतात.” शेवाळाचे वाटे निम्मे झाले. समोरच्या इमारतीतून पिंपभर गवताची मुळं आली, त्यांच्या बदल्यात पिण्याचं पाणी गेलं. पोर रडायची, मग रडायची थांबली. ते जास्त वाईट होतं. चाखी दिवसभर तिला मांडीवर घेऊन बसे आणि चिंधीनं मुळांचं पाणी तिच्या ओठांना लावी. पोरीचे ओठ चिंधीमागे वळायचे.

जाऊ रोज खाली जाई, शंभर मोजून नकारार्थी मान हलवत वर येई. दहाव्या दिवशी तिनं मान हलवली नाही. अकराव्या दिवशी अर्धा, बाराव्या दिवशी अख्खा.

“ओठ जागा आहे,” ती सगळ्यांसमोर म्हणाली. “शिंपला गार लागतोय.”

कुणी बादली उचलली नाही. सगळे म्हातारीकडे पाहू लागले. ती आपल्या खोलीतून एक वाडगा घेऊन आली. कडेला टवका उडालेला, वॉचमनचा. वाडगा शिंपल्यांच्या मांसानं काठोकाठ भरला होता. तिनं तो चाखीच्या पुढ्यात ठेवला.

“ओठ गेलेत. पोट तर आहे ना?”

“आहे.”

“मग जेव.”

“आजी, माझा ओठ जागा आहे म्हणते ना मी,” जाऊ म्हणाली.

“तुझा असेल. मला हिचं बघायचंय.”

चाखीनं पोर जाऊकडे दिली आणि वाडगा घेतला. ती सावकाश, नीट चावून खात गेली. अर्ध्यावर ती थांबली नाही. तळाचं पाणीही प्यायली. मग सगळे जिन्यात बसून राहिले. उन्हाची तिरीप सरकत एका फरशीवरून दुसरीवर गेली, मग तिसरीवर.

“स्वेटरची बटणं लाव,” म्हातारी म्हणाली.

चाखीनं वरचं बटण धरलं. ते भोकात गेलं. दुसरं गेलं. तिसरं सैल होतं, दोऱ्यावर लोंबत होतं, तरी गेलं. चौथं. पाचवं.

म्हातारी तिच्या बोटांकडे पाहत होती. मग ती उठली आणि पाइपवर तीन ठोके दिले.

बादल्या एकमेकींवर आपटत खाली गेल्या. जिन्यात एकदम पुष्कळ आवाज झाला. चाखी रिकामा वाडगा घेऊन वरच बसून राहिली. शिंपले खारट होते का, हे तिनं कुणाला विचारलं नाही.