बोथट चाक

बडेसाब हा कानानं काम करणारा माणूस. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीत, उदयसिंह शेठच्या शेडमध्ये तो एकतीस वर्षं एकाच ग्राइंडिंग मशीनपुढे उभा होता. फिरतं चाक लोखंडी शाफ्टला टेकलं की जो आवाज निघतो, त्यावरून तो सांगायचा, अजून किती घासायचं. माप लावणारे मागाहून माप लावायचे आणि मान डोलवायचे. आपल्यावाचून शेडचं पान हलत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं आणि सगळं घोडं तिथंच पेंड खात होतं.

घासताना लोखंड तापतं, फार तापलं की करपतं. म्हणून त्यावर सतत कूलंट सोडायचं. कूलंट म्हणजे तेल आणि औषधं कालवलेलं दुधाळ पाणी. ते घट्ट झालंय की पातळ, हे बडेसाब दोन बोटांत चोळून ठरवायचा. संध्याकाळी घरी निघताना शर्टपँट त्या पाण्यानं चिंब असायची आणि आंबूस वास त्याच्या गावाच्या, कुंभारीच्या वेशीपर्यंत त्याच्या आधी पोचायचा.

ते कपडे धुवायची गुलबानो, त्याची बायको. रोज भिजवायचे, घासायचे, पिळायचे. ते उरकलं की ती दारापुढच्या कट्ट्यावर सूप मांडीवर घेऊन बिड्या वळायला बसे. शेजारी चंद्रव्वा, पलीकडच्या घरातली. दोघींनी काम वाटून घेतलं होतं. चंद्रव्वा पानं कातरायची, गुलबानो तंबाखू भरून वळायची आणि दोरा बांधायची, मग चंद्रव्वा बिडीचं तोंड मुडपून बंद करायची. सव्वीस वर्षं हेच. एकीची बोली दखनी, दुसरीची कानडी, आणि भांडण मात्र मराठीत. दिवसातून एकदा भांडल्याशिवाय त्यांना जेवण गोड लागत नसे.

मग गुलबानोचे हात फुटायला लागले. आधी बोटांच्या बेचक्यांत खाज, मग भेगा, मग भेगांतून रक्त. मलमं झाली, हळद झाली, कुणी सांगितला तो पाला झाला. भाकरी थापताना ती ओठ दाबून धरायची.

त्याच सुमारास शेडमध्ये भार्गवी नावाची नवी इंजिनिअर आली. तिनं शेठला सांगितलं, पाण्याचा हा पूर कशाला? हवेच्या बारीक झोतातून करडईचं तेल नुसतं तुषारासारखं चाकावर मारायचं. दिवसाला वाटीभर तेल पुरतं. घाण पाणी साठवायला नको, टाकायला नको, माणसाच्या अंगावर यायला नको.

"करडईचं तेल?" बडेसाब हसला. "मॅडम, आमी त्यात भजी तळतो की!"

सगळी शेड हसली. बडेसाब मात्र आपली दोन बोटं एकमेकांवर चोळत राहिला. पाणीच गेलं तर पाणी ओळखणाऱ्या बोटांना कोण विचारणार?

"चाचा, एकदा करून तर बघू," भार्गवी म्हणाली. शेठनं काम बडेसाबवरच सोपवलं.

आणि बडेसाबनं तेव्हा जे केलं, ते ग्राइंडिंगवाल्यालाच सुचावं. चाक वापरून बोथट होतं. त्याला हिऱ्याची अणी फिरवून पुन्हा धार द्यावी लागते. ही धार तो रोज सकाळी न चुकता द्यायचा. त्या दिवशी दिली नाही. बोथट चाक कापत नाही, नुसतं रगडतं. पाण्याच्या पुराखाली ते एक वेळ खपून जातं, तेलाच्या तुषाराखाली नाही. शाफ्टवर तपकिरी डाग उठला.

"करपलं बघा," बडेसाब म्हणाला.

एकतीस वर्षांत त्यानं जाणूनबुजून बिघडवलेला तो एकच शाफ्ट. शेठच्या लेखी त्याच्या शब्दापुढे कुणाचा शब्द नव्हता. तेल फवारायच्या नळ्या काढून माळ्यावर टाकल्या. भार्गवी डागाकडे बघत राहिली आणि बडेसाब घरी येताना शीळ घालत आला.

घरी हातांचं दुखणं वाढतच होतं. एके दिवशी पिठाला रक्त लागलं, तेव्हा बडेसाबनंच निकाल दिला. "तंबाखूच खातोय तुझे हात. उद्यापासून बिडी बंद."

"अजी, हात रिकामे ठेवून मी काय करू?"

"आराम कर."

तिनं सूप फळीवर ठेवलं. बिडी सुटली, पण कपडे सुटले नाहीत. हात तसेच राहिले. तंबाखू शिवला तर दुखणं वाढेल म्हणून ती कट्ट्यावरही जाईना. चंद्रव्वा बाहेरून हाक मारायची, "ये की गं, नुसती बस!" गुलबानो आतूनच "नक्को" म्हणायची. हळूहळू हाका कमी झाल्या. दुसऱ्या वर्षी पौषात चंद्रव्वा तापानं गेली, चार दिवसांत. तिला शेवटची अंघोळ घालायला बायका जमल्या, तेव्हा गुलबानो भेगाळलेले हात पदराखाली घेऊन लांब उभी राहिली.

उन्हाळ्यात घाण कूलंट टाकायची पंचाईत झाली आणि शेठला माळ्यावरच्या नळ्या आठवल्या. या वेळी भार्गवीनं काम शेडमधल्या दुसऱ्या कारागिराच्या, अमरेशच्या मशीनवर लावलं. अमरेशनं चाकाला धार दिली, तेल सोडलं. शाफ्ट आरशासारखा निघाला. महिन्याभरात बडेसाबच्या मशीनलाही नळ्या बसल्या. त्याच्या कानाची किंमत तसूभरही कमी झाली नाही. उलट पाण्याचा खळखळाट गेल्यामुळे आवाज आधीपेक्षा स्वच्छ येऊ लागला.

कपडे कोरडे घरी येऊ लागले आणि दोन महिन्यांत गुलबानोचे हात भरून आले.

"बिडी सोडून साल उलटलं, तवा गुण आला न्हाई. आता कसा आला?" तिनं तळवे उलटसुलट करत विचारलं. बडेसाबच्या हातातला घास हातातच राहिला. दुसऱ्या दिवशी त्यानं भार्गवीला गाठलं.

"कूलंटनं कातडी फुटते, चाचा," ती म्हणाली. "रोज ते कपडे धुणाऱ्याचीसुद्धा."

आठ दिवस तो नेहमीसारखा कामावर गेला. मग जुम्म्याच्या नमाजानंतर घरी आला आणि उंबऱ्यावर बसून त्यानं सगळं सांगितलं. हात कशानं फुटले ते, धार न दिलेलं चाक, तो डाग, ती शीळसुद्धा. गुलबानो ऐकत होती.

"चाक बोथट ठिवलं, त्याला किती दिस झाले?" तिनं विचारलं.

"दोन वर्सं."

"तवा चंद्रव्वा हुती."

"व्हय."

ती उठली आणि भाकरी थापायला बसली. ती ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

सोमवारी ती जाऊन पानं आणि तंबाखू घेऊन आली. फळीवरचं सूप काढलं, कट्ट्यावर बसली, स्वतःच पानं कातरली. बोटं काही विसरली नव्हती. बघता बघता सूप भरलं. पण तोंडं मुडपायच्या वेळी ती थांबली आणि हात मांडीवर ठेवून शेजारच्या मोकळ्या जागेकडे बघत बसली. सवयीनं तिनं एका माणसाची जागा सोडली होती.

बडेसाब येऊन त्या जागेवर बसला. एक बिडी उचलून तिचं तोंड मुडपायला लागला. पान फाटलं. दुसरी घेतली, तीही फाटली. केसाएवढा फरक ओळखणाऱ्या त्याच्या बोटांनी तिसरी उचलली.

गुलबानोनं त्याच्या हातातली बिडी काढून घेतली.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "उठा तितनं. ती तिची जागा हाय."

तो उठून आत गेला. नळाखाली बसून त्यानं आपले कपडे स्वतः धुवायला घेतले. त्यांना काही लागलेलं नव्हतं, तरी तो अंधार पडेपर्यंत घासत होता.