म्युझियमातलं गाऱ्हाणं

माझा स्वभाव मुळातच उतावळा. भात शिजायच्या आत चारदा झाकण काढून बघणारी बाई मी. अशा बाईला देवाने एकदा मुंबईत सकाळपासून दुपारी चारपर्यंत वाट बघायला लावली. त्या काही तासांत माझा देवावरचा विश्वास उडता उडता राहिला. तो कसा राहिला ते अजून मला नीटसं उमगलेलं नाही, पण घडलं तसं लिहिते.

आमचं गाव तोंडवली, धंदा मासेमारीचा. माझे यजमान होडीचे तांडेल, म्हणजे होडी त्यांच्या हुकमाने चालायची. एकदा होडी किनाऱ्यावर ओढताना कलंडली आणि त्यांचा उजवा पाय खाली सापडला. गावठी औषधांनी जखम भरली नाही, पाय घोट्यापासून काळा पडत चालला. शेवटी मालवणहून आगबोटीने त्यांना मुंबईला आणलं आणि एका हॉस्पिटलात ठेवलं. दुसऱ्या संध्याकाळी डॉक्टरांनी मला बाजूला बोलावलं. पाय गुडघ्याखाली कापला नाही तर विष अंगभर पसरेल आणि माणूस हाती लागणार नाही, असं ते म्हणाले. उद्या चार वाजता भेटीच्या वेळी काय ते ठरवून या आणि सही करा.

मी यजमानांच्या खाटेजवळ गेले तर त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. "माका इचारू नको," ते म्हणाले. "देवाक इचार. तो काय म्हणता ता येवन माका सांग."

देवाला विचारायचं म्हणजे आमच्याकडे कौल लावायचा. देवळात मूर्तीच्या दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवतात. मग गावातला मानकरी गाऱ्हाणं घालतो, म्हणजे अडचण मोठ्याने देवापुढे मांडतो, आणि भोवतालची माणसं त्याच्या प्रत्येक बोलण्याला 'होय महाराजा' म्हणून साथ देतात. उजवी पाकळी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. लग्न असो, घर असो, नवी होडी असो, कौलाशिवाय आमचं पाऊल पुढे पडत नाही. आणि एवढ्या मोठ्या संकटात, धावपळीत, तो कौलच घ्यायचा राहून गेला होता. पाय गेला तर तांडेल होडीवर चढणार कसा? नाही कापला तर काय, ते मी मनातसुद्धा बोलत नव्हते.

सकाळी हॉस्पिटलात कुणाला सोडत नसत. परळला राहणाऱ्या माझ्या नणंदेकडे मी उतरले होते. माझ्या येरझाऱ्या बघून वन्सं कावल्या. "वयनी, असा फिरान फिरान माझी फरशी झिजतली. चल, तुका मुंबय दाखयतंय," असं म्हणून त्यांनी मला बाहेर काढलंच. भावाची काळजी त्यांनाही होती, पण ती लपवायची त्यांची रीत म्हणजे अखंड बोलत राहणं.

आधी महालक्ष्मीला गेलो. देवळामागे समुद्र खडकांवर आपटत होता, तेवढा एक आवाज ओळखीचा वाटला. रांगेत उभी राहून मी काय काय बोलायचं ते मनात जुळवत होते. देवीसमोर आले, सोन्याचे मुखवटे दिसले, आणि तोंड उघडणार तोच रांग पुढे सरकली. बाहेर आले तेव्हा हातात प्रसाद आणि एक ओलं जास्वंदीचं फूल होतं. मला रडू नाही आलं, राग आला. एवढ्या लांबून आलेल्या बाईचं एक वाक्य ऐकायला देवीला वेळ नाही, असं मी चक्क वन्संना म्हणाले. त्यांनी माझ्या हातातला प्रसाद मोडून अर्धा माझ्या तोंडात घातला.

तिथून ट्रामने म्युझियमला गेलो. वन्सं पेंढा भरलेला वाघ दाखवत होत्या, राजांच्या तलवारी दाखवत होत्या, आणि मी भेटेल त्या माणसाला किती वाजले विचारत होते. एकाच गृहस्थाला मी तीनदा विचारलं. मग एक दालन लागलं, त्यात भिंतीलगत ओळीने दगडी देव उभे होते. माझे पाय आपोआप चपलांतून बाहेर आले. "अगो, ह्या देऊळ न्हय, चपला घाल," वन्सं हसत म्हणाल्या आणि पाय दुखतात म्हणून बाहेरच्या बाकावर टेकल्या.

दालनात कुणी नव्हतं. कोपऱ्यात पुरुषभर उंचीची एक काळीशार मूर्ती होती. पाटी इंग्रजीत, म्हणजे देव कुठला ते कळायची सोय नाही. पण चेहरा इतका निवांत होता, जणू माझंच ऐकायला थांबलाय. मला राहवलं नाही. जास्वंदीच्या दोन पाकळ्या तोडून मी त्याच्या दोन खांद्यांवर चिकटवल्या. बाईमाणसाने गाऱ्हाणं घालायची आमच्यात रीत नाही, पण लहानपणापासून ऐकलेलं ओठावर आलं. "बा देवा महाराजा, आज ही तुजी लेक परमुलखात तुज्या पायाकडे इली हा..."

पुढे थांबले. साथ द्यायला कुणी नव्हतं. त्या रिकाम्या दालनात माझं मलाच फार एकटं वाटलं. तरी तशीच बोलत राहिले. घोवाचा पाय, डॉक्टर, चार वाजता करायची सही, सगळं सांगितलं. "कापूचो काय रवांदे, ता तूच सांग रे महाराजा."

"व्हय म्हाराजा," मागून कुणीतरी म्हणालं.

वळून बघितलं तर खाकी कपड्यातला पहारेकरी. टोपी काढून हातात धरलेली, डोळे मिटलेले. त्याच क्षणी दोन्ही पाकळ्या एकदम खाली पडल्या. आधी कुठली, नंतर कुठली, देवालाच ठाऊक.

"मी कसालचो, तुमच्याच मुलखातलो," तो म्हणाला. "वयनी, मूर्तीक हात लावूचो नाय असो हयसर कायदो आसा. मी तुमका थांबवूकच येय होतंय. पण गाऱ्हाणा अर्ध्यार तोडूचा नसता." त्याने वाकून पाकळ्या उचलल्या आणि माझ्या ओंजळीत ठेवल्या. मग जरा घुटमळत म्हणाला, "आणि ही मूर्त भग्न आसा. तुमी बघूक नाय वाटता."

भंगलेल्या मूर्तीला आम्ही कधी हात जोडत नाही. मी दचकून खाली बघितलं. देवाचा उजवा पाय गुडघ्याखाली नव्हता. तिथे लोखंडी कांबीचा टेकू दिला होता आणि त्यावर तो उभा होता. वरचा चेहरा मघासारखाच निवांत.

मी किती वेळ बघत राहिले कोण जाणे. तीन वाजल्याचं वन्संनी येऊन सांगितलं. पहारेकऱ्याने दारापर्यंत सोडलं. त्याचं नाव विचारायचं मला सुचलंसुद्धा नाही, याची चुटपुट आजही आहे.

चार वाजता यजमानांनी पहिला प्रश्न केला, "कौल खंयचो?"

खोटं सांगायचं मी ट्रामात ठरवलं होतं. उजवा म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. पण त्यांच्या डोळ्यांकडे बघून ते जमेना. "दोनय पाकळ्यो एकदम पडल्यो," मी म्हणाले. मग म्युझियम, भग्न मूर्ती, कांबीचा टेकू, सगळं ओकून टाकलं. चूक झाली, अशा देवाला विचारायला नको होतं, असंही म्हणाले आणि रडायला लागले.

त्यांनी चादरीखालच्या पायाकडे बघितलं. मग त्या दुखण्यात पहिल्यांदाच त्यांच्या ओठावर हसू आलं. "तेकाच इचारलंस ता बरा केलंस," ते म्हणाले. "ह्या दुखण्यातला दुसऱ्या देवाक काय कळतला? आण ते कागद."

मी कागद आणले आणि सही केली. पाय गेला, माणूस राहिला. काठी घेऊन किनाऱ्यावर बसून त्यांनी पुढे कितीतरी वर्षं जाळी विणली आणि तिथूनच होडीवरच्यांना हुकूम सोडले. त्यांच्या कटकटीला मी कंटाळायचे आणि कंटाळता येतंय म्हणून मनातून देवाचे आभारही मानायचे.

देवाने मला त्या दिवशी उत्तर दिलं का, हे मी ठरवू शकत नाही. पण माझ्या बोलण्याला 'होय' म्हणणारा माणूस त्याने पाठवला, एवढं मला पुरलं. हल्ली देवापुढे उभी राहिले की उजवा-डावा मागत नाही. जे व्हायचं ते तू ठरव, म्हणते, फक्त तेव्हा जवळ उभा राहा.