कालिसीच्या मातीची डिस्क

मनासेकाका तिसऱ्यांदा हातगाडीवर कॉम्प्युटर घालून दुकानात आले, तेव्हा माझं डोकंच फिरलं.

"आता काय झालं?"

"तेच. डिस्क घातली की घुर्र करतं आणि मरतं."

बाकावर टॅक्सीवाला फेलेती बर्फाचा गोळा चोखत बसला होता. "काका, मशीन तुमच्यावरच गेलंय," तो म्हणाला. "बाईमाणूस दिसलं की पळ काढतं."

काका हसले. सत्तरीचा हा माणूस बिनलग्नाचा, त्यामुळे ही चेष्टा त्यांच्या अंगवळणी पडली होती. मला मात्र हसू आलं नाही. पांगाईत, आमच्या या बेटावरच्या गावात, डिस्का विकणारी आणि कॉम्प्युटर दुरुस्त करणारी मी एकटी. एकच मशीन तीनदा परत येणं म्हणजे माझी अब्रूच चव्हाट्यावर. पहिल्यांदा मी भिंग पुसून दिलं होतं, दुसऱ्यांदा आख्खा ड्राइव्ह बदलला होता. दोन्ही वेळा माझ्या टेबलावर डिस्क मुकाट चालली होती. आताही घातली, तर भजन सुरू झालं आणि पडद्यावर फुलं आली. काकांनी चटकन मान खाली घातली.

"बंद कर, लेसिएली. इथं नको."

"अहो, चालतंय तर बघून घ्या ना इथंच!"

"लोक गोळे खातायत," ते म्हणाले.

डिस्क त्यांच्या बहिणीच्या मातीच्या चित्रीकरणाची होती. कालिसी तरुणपणी ऑकलंडला गेली, तिथं लाँड्रीत राबली, तिथंच संसार केला आणि तिथंच वारली. काकांचा व्हिसा आला तोवर तिला माती देऊन झाली होती. भाच्याने आपला जुना कॉम्प्युटर आणि ही डिस्क बोटीने पाठवली, वर निरोप दिला, "मामा, बघून घ्या."

काकांना त्यातलं एकच बघायचं होतं. आमच्यात बहीण गेली की भावाची जागा मागच्या अंगणात, उमूच्या भट्टीपाशी. खड्डा खणायचा, दगड तापवायचे, आलेल्यांच्या जेवणासाठी डुक्कर नि कंद त्यात भाजायला पुरायचे, धुरात डोळे चोळत बसायचं. पुढं शवापाशी त्याचं काम नाही, बहिणीचा चेहरा त्याने बघायचा नाही. मागचा तो विस्तव हेच भावाचं रडणं. काका गेले नाहीत, मग तो कुणी पेटवला, एवढंच त्यांना हवं होतं.

"भाच्याला फोन करून विचारा की!" मी पहिल्याच खेपेला म्हटलं होतं.

"भाचा मानाने आपल्यापेक्षा मोठा, पोरी. त्याला असं विचारणं म्हणजे जाब विचारणं."

खरंच होतं ते. आमच्याकडे भाचरं मामाच्या डोक्यावर बसतात आणि मामाने ते डोकं ताठ ठेवायचं.

त्या दुपारी मी मशीन फेलेतीच्या टॅक्सीत टाकलं, काकांना पुढं बसवलं आणि त्यांच्या घरी गेले. घर म्हणजे पत्र्याचं, पांढरं, पडदे लावलेलं. मी सरळ दाराकडे निघाले.

"तिकडे नाही," काका म्हणाले. "मागं."

मागं वयात आलेल्या मुलग्यांना झोपायला बांधतात तसली खोपटी होती. बहीण मोठी झाली की भाऊ घराबाहेर झोपतो, ती नांदायला गेली की परत आत येतो. हा माणूस परत आलाच नव्हता. आईबाप गेले, कालिसी सातासमुद्रापार गेली, आणि काका अजून खोपटीतच. घराचा पत्रा त्यांनी बदलला, भिंती रंगवल्या; आतला केर काढायला शेजारणीला सांगायचे. माझा भाऊही मी आत शिरले की टीव्ही सोडून उठतो, त्यात मला काही नवल नाही. पण ओसाड घराच्या मागं एवढी एक गादी आणि एक कंदील!

मग वायर दिसली. घराच्या खिडकीतून निघून पपईच्या झाडाखालून, गवतातून खोपटीत आलेली. काडीएवढी बारीक, तीन ठिकाणी जोडलेली. मी एक जोड उकलला, तर आत खाऱ्या हवेने तांबं हिरवं पडून भुगा झालेलं.

"काका, दोष मशीनचा नाही, या वायरीचा आहे! नुसता दिवा, पंखा चालतो. डिस्क फिरायला लागली की मशीन एकदम जास्त वीज ओढतं, ती या सडक्या वायरीतून पोचत नाही. मग ते मरतं." मला स्वतःचाच राग आला. भिंग पुसत नि ड्राइव्ह बदलत बसण्याआधी मी इथं यायला हवं होतं.

"मग नवी वायर दे."

"एवढी लांब पुढच्या बोटीने येईल. माझ्याजवळ आखूड आहे. घरात लावू."

"तिच्या घरात?"

"ती गेली, काका."

"असं डिस्क म्हणते," काका म्हणाले, "आणि डिस्क तर चालत नाही."

मी आखूड वायर घरात जोडली. मशीन उंबरठ्याच्या आत ठेवलं आणि त्याच्यापाशी बसले. काका बाहेर पायरीवर माझ्याकडे पाठ करून बसले. कमरेला त्यांनी आमच्या रीतीची दुखवट्याची फाटकी चटई गुंडाळली होती.

"तिचा चेहरा असेपर्यंत मी बघणार नाही. गेला की सांग."

डिस्क फिरली आणि या खेपेला फिरतच राहिली. कालिसी दिसली. केस पांढरे झालेले, गाल भरलेले. भजनं झाली, मुलं रडली, चटया वाहिल्या.

"आता बघा. अंगण आलं."

काका वळले. पडद्यावर घरामागं सिमेंटची जागा होती. एक गाडी उभी होती, आणि दोन पोरं तिच्यातून प्लॅस्टिकचे डबे उतरवत होती. तयार जेवण मागवलेलं. कॅमेरा पुढं सरकला.

"पुन्हा लाव," काका म्हणाले.

मी लावलं. गाडी, डबे, पोरं. काका उंबरठ्यावर हात टेकून पुढं वाकले. आत मात्र पाऊल टाकलं नाही.

"कुंपणाच्या पलीकडं बघ. धूर दिसतो का कुठं?"

धूर नव्हता. पण त्यांचा चेहरा माझ्याने बघवेना. छपराच्या वर काहीतरी पांढुरकं होतं, त्यावर मी बोट ठेवलं. "हा काय! मागल्या घरात पेटवला असेल उमू. कुणीतरी होतं बघा, काका."

काकांनी बराच वेळ तिथं बघितलं. मग माझ्याकडे बघितलं, अगदी मायेने.

"ढग आहे तो, पोरी," ते म्हणाले. "माझ्या जागी कुणीच नव्हतं."