चार पानांवरचं एकच वाक्य

ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितलेली नाही, बायकोलासुद्धा नाही. करकंबच्या एका गणिताच्या सरांनी दहावीचा पेपर फोडला, ही बातमी पहिल्यांदा मी लिहिली होती.

तेव्हा मी एका छोट्या वेबसाइटला तालुक्याच्या बातम्या पाठवायचो. सरांना चौकशीला नेलं, एवढंच मला कळलं होतं. ‘पेपर फोडला’ हे मी पदरचं घातलं. बातमीवर माझं नाव नव्हतं, नुसतं ‘आमच्या प्रतिनिधीकडून’. दुपारपर्यंत आणखी तीन वेबसाइटांनी ती जशीच्या तशी उचलली. आठवड्याने सर निर्दोष निघाले. पेपर दुसऱ्याच केंद्रावरून बाहेर गेला होता. हेही टाकू का, असं मी संपादकाला विचारलं, तर तो म्हणाला, “सुटला ही काय बातमी आहे होय?” मी पुन्हा विचारलं नाही.

पुढे ते काम सुटलं. आता जुळे सोलापुरात घरी बसून मी कॉम्प्युटरला शिकवतो. म्हणजे असं, की तो इंटरनेटवरची मराठी पानं वाचतो, त्यातून जे कळलं ते एका वाक्यात मांडतो, आणि तसं किती पानांवर सापडलं तेही दाखवतो. आपण ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ दाबायचं. ‘चूक’ दाबलं तर उलट सांगणारं पान जोडावं लागतं.

मागच्या वर्षी एका सकाळी, चहा घेता घेता, ते वाक्य समोर आलं. सरांचं नाव, गाव, पेपर फोडला. आधार चार पानांचा. चार साक्षीदार, आणि चौघंही मीच. उलट सांगणारं पान कुठेच नव्हतं. ते मीच लिहायला हवं होतं. ‘माहीत नाही’ असंही एक बटण आहे. ते फार दाबलं की वरून विचारणा होते. मी ‘बरोबर’ दाबलं.

दिवाळीनंतर सर घरी आले. ते माझ्या मेहुण्याचे शिक्षक. मी काय काम करतो ते त्यांना त्याच्याकडून कळलेलं. त्यांनी मोबाइल पुढे धरला. त्यांचं नाव विचारल्यावर कॉम्प्युटरने दिलेलं उत्तर त्यावर होतं. वाक्य तेच होतं. माझ्या ‘बरोबर’मुळेच ते तिथे गेलं का, हे मला सांगता येणार नाही.

“रिटायर झाल्यावर क्लास काढला,” ते म्हणाले. “पोरांच्या आईबापांनी ह्याला माझं नाव विचारलं. आता दोनच पोरं येत्यात. एकाच्या घरी मोबाइल न्हाय, आन् दुसरा माझा नातू.”

बायको हसली. मला हसता आलं नाही.

“तुमी त्याच्यातच काम करता की. सांगा त्याला. कुणी शिकवलं हो हे?”

“इंटरनेटवर कोणीही काहीही लिहितं, सर.”

“व्हय की. पण आमी फळ्यावर चुकलो, तर दुसऱ्या दिवशी पोरांम्होरं सांगायचो, काल माझं चुकलं.”

पोहे खाऊन ते निघाले. मी त्यांना रिक्षात बसवून दिलं. नंतर वर कळवलं, हे वाक्य खोटं आहे. उत्तर आलं, पान जोडा.

परवा मेहुण्याकडून कळलं, सरांनी क्लास बंद केला.

ते निर्दोष होते ही बातमी मी त्यांना देणं लागतो, माझ्या नावानिशी. आणि त्याआधी करकंबला जाऊन त्यांच्या तोंडावर सांगणं, की ते मी लिहिलं होतं. दोन्ही अजून केलेलं नाही.