विहीणबाईंसोबत कलावंतिणीचा डोंगर

माझे गुडघे लग्नाच्या हॉलच्या पायऱ्यांनाही घाबरतात. तरी लेकीच्या सासरी जेवताना मी म्हणून बसले, "कलावंतिणीचा डोंगर ना? मीही येते!"

विहीणबाई मोरा बंदरावरच्या कोळीण. मासळीच्या पाट्या उचलून काटक झालेल्या. त्यांनी लगेच अट घातली, "मंग आतापासून जिने चढा. पाठीवर वजन घेऊन!"

तेव्हापासून रोज सकाळी त्यांचा फोन. "आज किती मजले?"

"सात!" मी धापा टाकत सांगायची. (एक मजला पायी, सहा लिफ्टने. धापा मात्र अस्सल!)

त्या शनिवारी पहिल्या मजल्यावर नेहमीप्रमाणे लिफ्टमध्ये शिरले. पाठीवर सॅक, सॅकेत तांदूळ आणि पाण्याची भली मोठी बाटली. तिसऱ्या मजल्याच्या वर लिफ्ट गेली आणि वीज गेली! मी हाका मारल्या आणि सॅक पाठीवरून उतरवून तिच्यावरच बसले. फट्! बाटली फुटली, मी मागून चिंब, आणि पाणी निघालं दाराच्या फटीतून खाली.

बाहेर शेजारचे देशपांडे काका ओरडले, "अहो, आतून पाणी गळतंय!"

मग त्यांचाच दबका आवाज, "घाबरल्या असतील हो बिचाऱ्या. वय झालं की होतं असं."

"काका, तसं नाहीये!" मी किंचाळले.

"असू द्या, असू द्या! आम्ही खाली बघत नाही!" (म्हणजे सगळे बघत होते.)

तेवढ्यात जिन्यात ओळखीचा आवाज. "लिफ्ट बंद हाय म्हनून चालत आले. विहीनबायसाठी बूट आनलेत. कोन अडकलंय आत?"

सॅक दाखवली की पाणी बाटलीचं हे सिद्ध होणार, पण मग सराव लिफ्टने चालला होता हेही सिद्ध होणार. खोटारडी ठरायचं की ओली? मी सॅक पायांमागे सरकवली.

वीज आली. चौथ्या मजल्यावर दार उघडलं. समोर अर्धी सोसायटी! विहीणबाईंनी एकदाच माझ्याकडे पाहिलं, माझीच ओढणी माझ्या कमरेला गुंडाळली आणि कानात म्हणाल्या, "लाजू नका. मी कोनाला सांगनार नाय."

संध्याकाळी लेकीचा फोन. "आई, डॉक्टरकडे जाऊया का गं?" मागून जावई म्हणाले, "लेडी डॉक्टर बघ!"

रविवारी डोंगर चढलो. दर वळणावर विहीणबाई हात वर करून सगळ्यांना थांबवत. "गडीमानसांनी तिकडं तोंड करा! विहीनबायला जायचंय!" जावई, व्याही आणि परक्या ग्रुपमधली पोरंसुद्धा मुकाट पाठमोरी उभी राहत. मी मान खाली घालून झुडपामागे जाई आणि दगडावर बसून मनसोक्त दम खाई. एवढं करूनही अर्ध्या वाटेत मीच विचारलं, "विहीणबाई, आता पुढचं झुडूप कधी येणार हो?"